चार पांढऱ्या रम आणि माझा भूगोल

पुदिना स्वस्त झाला की मी ओळखते, आता लूचे गरम वारे सुरू होणार. गुरगावात मे महिना कॅलेंडरवर येत नाही, भाजीच्या गाडीवर येतो. ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या जुड्या, शेजारी लिंबं, आणि लिंबांचा भाव ऐकून नाक मुरडत पुढे जाणाऱ्या बायका. काल मी एकदम चार जुड्या घेतल्या. भाजीवाला म्हणाला, “आंटीजी, घर में शादी है क्या?” म्हटलं, “नहीं भैया, आदत है.”

आदत एका उन्हाळ्याची. एकाच. पंचवीसेक वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी मी फरशीवर वर्तमानपत्र पसरून पुदिना खुडायला बसायचे, आणि तो चटणीसाठी नव्हता हे आमच्या गावाकडे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. तो पांढऱ्या रमसाठी असायचा. लिहितानासुद्धा अजून जरा बिचकायला होतं. पण आता वडील नाहीत, सासूबाई नाहीत, आणि पोटची मुलगीच बाटल्या आणून दाखवते, तेव्हा भ्यायचं तरी कुणाला?

परवाच सायली मॉलमधल्या दुकानातून एक घेऊन आली. ते दुकान म्हणजे सगळं काचेचं, एसीचं, बायका बिनधास्त ढकलगाड्या घेऊन फिरतात. “आई, ही बघ. आपल्याच उसाची. मळीची नाही, डायरेक्ट रसाची.” मी बूच काढून वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, “चुलवाणात ओली चिपाडं घातलीत मेल्यांनी.”

“चिपाडं म्हणजे?”

“रस काढल्यावर उसाचं उरतं ते.”

“अच्छा, वेस्ट.”

“वेस्ट नव्हे गं. जळण.”

ती हसली. “तू ना यार, कुठूनही निघ, गुऱ्हाळातच जाऊन पोचतेस.” खरंच आहे ते. पण एके काळी या शब्दाजवळसुद्धा मी फिरकत नसे.

तेव्हाचं गुरगाव एका अंगाने खेडं होतं आणि एका अंगाने कंपनी. आमच्या चार मजली सोसायटीच्या मागे कापून मोकळी झालेली गव्हाची शेतं, पुढे अर्धवट उभ्या काचेच्या इमारती, आणि मधल्या धुळीत म्हशी. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका नव्या कारखान्यात माझा नवरा इंजिनिअर होता. नवऱ्याला मी समोर ‘अहो’च म्हणते, लिहिताना अशोक लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला कोण ते कळायचं नाही. मी कोल्हापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन थेट इथे आलेली. बेल वाजली की आधी पदर सारखा करायचे, मग मनातल्या मनात हिंदी वाक्य जुळवायचे, तोवर बेल वाजवणारा निघून गेलेला असायचा.

आमच्या डोक्यावर दातार राहायचे. विनय दातार अशोकच्याच कारखान्यात, क्वालिटी विभागात, मेधा एम.एस्सी., शाळेत केमिस्ट्री शिकवायची. पुण्याची माणसं. त्यांनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा आमटी वाढता वाढता मेधाने सहज विचारलं, “तू काय केलंस गं? शिक्षण?” मी तोंड उघडायच्या आत अशोक म्हणाला, “बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत. मग लग्न झालं.”

“विषय कुठला?”

“भूगोल.”

मी नववीतून शाळा सोडलेली. घरी आल्यावर अशोकला एवढंच विचारलं, की एवढ्या विषयांतून भूगोलच का? तो म्हणाला, “गणित म्हटलं असतं तर तिने एखादं गणित विचारलं असतं.” मला त्याचा राग आला नाही, अजूनही येत नाही. तोही बिचारा खेड्यातलाच, नव्या माणसांत घाबरून बसलेला. पण त्या दिवसापासून मी बी.ए. झाले, आणि घाबरायचं काम माझ्याकडे आलं.

कारण मेधाने मला माणसांत आणलं. बँकेत पैसे भरायची चिठ्ठी कशी लिहायची, कुठली बस धौला कुआँवरून जाते, भैयाला ‘आप’ म्हणायचं की ‘तुम’, सगळं तिच्याकडून शिकले. सायलीला गोवर आला तेव्हा तिने शाळेतून चार दिवस रजा काढली. तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. ते तिने माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं, आमच्या ओट्यापाशी उभं राहून मला सांगितलं. अशा बाईचं ऋण डोक्यावर असलं की माणूस तिच्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो. पडदे निळे घे म्हणाली, निळे घेतले. तिला जे आवडेल ते मला आवडायचं. मेधाला खरं कळलं तर ती माझ्याशी पूर्वीसारखी राहील का, एवढी एकच भीती मला त्या दिवसांत होती. बाकी सगळ्या तिची पिल्लं.

हरयाणातली दारूबंदी नुकती उठली होती. हायवेजवळ लोखंडी जाळीचा ठेका, म्हणजे परवान्याचं दारूचं दुकान, उघडला होता. त्याच सुमारास विनयला कंपनीने परदेशी ट्रेनिंगला पाठवलं, आणि येताना तो विमानतळावरून पांढऱ्या रमची एक बाटली आणि पेयांच्या रंगीत चित्रांचं एक मासिक घेऊन आला. झालं. क्वालिटीचा माणूस तो. म्हणाला, “बाहेर हॉटेलात एका ग्लासाला काय वाट्टेल ते घेतात. घरी मिसळायला कुठली रम चांगली, हे शास्त्रशुद्ध बघू या.” मेधाच्या भावाने गोव्याहून एक बाटली पाठवली. एक ठेक्यावरून आली. आणि चौथी आणली सुभेदार जगतापांनी. हे साताऱ्याचे, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये नोकरीला, कुटुंब गावी. मराठी जेवणासाठी रविवारी बस बदलत आमच्याकडे यायचे. त्यांना काळी रम ठाऊक. कँटीनमधून पांढरी आणली खरी, पण उजेडात धरून म्हणाले, “ह्यो काय तीर्थ हाय का? फौजेत असली कुणी घ्यायला लागलं तर बदली हुईल.”

विनयने सरबताच्या चार सारख्या बाटल्या धुऊन त्यांत चार रम ओतल्या आणि कागदाचे चार आकडे चिकटवले. कुठल्या आकड्याची कुठली ते फक्त त्याला माहीत. दर रविवारी बाराच्या सुमाराला, खिडकीतला कूलर वाळ्याचा वास सोडत असायचा तेव्हा, पडदे ओढून आम्ही पाचजण दातारांकडे बसायचो. एका रविवारी लिंबू-साखर-सोडा, एका रविवारी ठेचलेला पुदिना, एकदा शहाळ्याचं पाणी; वरून पानं मात्र दर वेळी. पुरुषांना ग्लास, मेधाला अर्धा, मला चार चमचे. बर्फ टॉवेलात गुंडाळून लाटण्याने फोडायचा. साखरेचा पाक माझ्याकडे. तो मात्र मी कुणाला करू द्यायचे नाही. प्रत्येकाने चारही चाखून क्रम सांगायचा आणि विनयने लिहायचा. मी मेधाचा क्रम ऐकून तोच सांगायचे. विनय म्हणायचा, “वा, बायकांचं एकमत!” आणि मासिकात क्यूबाचं नाव आलं की हमखास, “आमच्या भूगोलवाल्यांना विचारा, कुठंशी येतं हे?”

पहिल्या वेळी मी नुसतंच “तिकडे, अमेरिकेच्या खाली” म्हणाले आणि नशिबाने बरोबर निघालं. त्यानंतर झोप उडाली. रद्दीवाल्याकडून एक फाटका नकाशासंग्रह घेतला, तो पिठाच्या डब्यामागे ठेवला, आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बेटं पाठ करायला लागले. जमैका, बार्बाडोस, मार्टिनिक. पोळी लाटताना वाकडी झाली की मला हैती दिसायचं. कुठल्या बेटावर ऊस होतो हे मी धडाधड सांगायला लागले, आणि जगताप म्हणायचे, “वहिनी, तुमी शाळेत शिकवायला जावा.” मी हसायचे आणि घाम पुसायचे. लोकांना वाटायचं, गरम होतंय.

मजा अशी, की उसाचं जे मला खरं माहीत होतं ते सांगायची सोय नव्हती. माझे वडील गुळव्या होते. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर कायल, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, सांभाळायचे. दिवाळी सरली की कायलीखालची चुलवाणं पेटायची ती होळीपर्यंत. मी नववीत असताना उकळता रस उडून त्यांचा उजवा हात भाजला. हंगाम ऐन भरात. त्यांच्या जागी उभं राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ते बाजेवरून सांगायचे आणि मी करायचे. भेंडीचं पाणी कधी सोडायचं, फेस कसा निवळायचा, गार पाण्यात थेंब टाकून गोळी कशी बघायची. दोन आठवड्यांत ते सांगायचे थांबले. वासावरून मला आधीच कळायला लागलं होतं. कच्चा रस हिरवा, गवतासारखा. मग भाजल्या शेंगेसारखा. मग एक क्षण असा येतो की वास जड होऊन खाली बसतो; तेव्हा कायल उतरवायची. तो क्षण हुकला तर कडेला जळतं, आणि जळलेल्याचा वास आख्ख्या गुळाला लागतो. मी हुकवला नाही. हंगाम संपला, वडिलांचा हात बरा झाला, शाळा मात्र राहिली ती राहिलीच.

गुळाचा व्यापारी तेव्हाही पांढुरका गूळ मागायचा. वडील कुरकुरत पावडर टाकायचे, गूळ उजळायचा आणि वास मरायचा. घरी खायला मात्र काळसर. मेधाने एकदा समजावलं, की काही पांढऱ्या रम आधी पिंपात मुरवून रंगतात, मग कोळशातून गाळून त्यांचा रंग काढून घेतात. तिच्या केमिस्ट्रीच्या फळ्यावरचं ते तिला फार आवडायचं. मी “हो का?” म्हटलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय की चांगल्या रंगाच्या वस्तूला लोक फिकी करून विकतात.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. हे त्या वेळच्या गुरगावात नवीन नव्हतं. नवीन हे की फ्रीजमधला बर्फही वितळून गेला होता. अशोकने बर्फाच्या फॅक्टरीतून लादी आणली, स्कूटरवर, पोत्यात. विनयने लादी फोडून टबात टाकली आणि चारही बाटल्या त्यात उभ्या करून आम्ही जेवणाच्या तयारीला लागलो. अर्ध्या तासाने जाऊन बघतो तर टबात पाणी, पाण्यावर तरंगणारे चार कागदी आकडे, आणि चार सारख्या बाटल्यांत चार सारख्या पाण्यासारख्या रम.

विनय खालीच बसला. “गेलं. सगळं गेलं. चार रविवारांचं गेलं.”

“अहो साहेब, त्यात काय,” जगताप म्हणाले. “चारी एका बादलीत वता. समद्या सारख्याच चढत्यात.”

“चव घेऊन ओळखू,” मेधा म्हणाली. तिने चाखलं, विनयने चाखलं, आणि दोघांचे आकडे जुळेनात. चारही बाटल्यांत तर आता बोट-बोटभरच उरलं होतं.

मला बाटल्या हातात घ्यायच्याही आधी कळलं होतं. म्हणजे, बुचं काढल्याबरोबर; पहिल्या दिवशी ओततानाच चारींचे वास नाकात बसले होते. मी गप्प बसू शकत होते. दोन वर्षं तेच करत आले होते. पण विनयचा चेहरा बघवेना. मी एकेका बाटलीतला थेंब तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. वडील काकवी अशीच बघायचे.

“ही ठेक्यावरची, तुमची दोन नंबरची. कडेला जळलेली. ही गोव्याची, पिकल्या केळ्याचा वास येतो ती. ही जगतापभाऊंची, साखर कारखान्याच्या मळीची. आणि हिला वासच नाही, म्हणजे विमानतळावरची.”

विनयने मला पाठ फिरवायला लावली, बाटल्या फिरवल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग त्याला माळ्यावर टाकलेल्या मूळ बाटल्या आठवल्या; त्यांच्या तळाशी उरलेल्या थेंबांशी त्याने ताडून बघितलं आणि म्हणाला, “आयला!”

मेधा हसत म्हणाली, “भूगोलात हेही शिकवतात वाटतं?”

सुटायला दार उघडं होतं. मीही हसले असते की संपलं होतं. अशोक माझ्याकडे बघत होता, नुसत्या डोळ्यांनी हस म्हणत होता. पण माझ्या तळहाताला वडिलांच्या कायलीचा वास येत होता, आणि तो वास हातावर असताना मला बी.ए. म्हणवेना.

“मी भूगोल केलेला नाही, मेधाताई. नववीतून शाळा सोडली. वडील गुळव्या. हे मी गुऱ्हाळात शिकले.”

कूलर बंद, पंखा बंद. एकेक शब्द स्पष्ट ऐकू गेला.

“मग ती बेटं?” विनयने विचारलं.

“ती रद्दीतली.”

जगताप मोठ्याने हसले. विनयही हसला, खरं म्हणजे कौतुकानेच. अशोक सोड्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत बसला होता. मेधा उठून आत गेली. जेवण झालं, वाढलंही तिनेच, पण माझ्याकडे न बघता. निघताना जिन्यात तिने मला थांबवलं. “नववीचं मला काही नाही गं. पण मी तुला काय काय सांगत होते, आणि तू माझ्याशी सांभाळून बोलत होतीस. दोन वर्षं. म्हणजे मी एकटीच बोलत होते.” आणि तिने दार लावून घेतलं.

घरी आल्यावर अशोक म्हणाला, “मला तुझी लाज नव्हती वाटत. मला त्यांची भीती वाटत होती.” मी म्हटलं, “मला ठाऊक आहे.” मग आम्ही दोघं पुठ्ठ्याने वारा घेत बसून राहिलो.

तो आठवडा मला दिवसागणिक आठवतो. वर पावलं वाजायची, मी पातेल्यातलं कालवण ढवळत छताकडे बघायचे. जिन्यात दोनदा गाठ पडली, एकदा ती म्हणाली, “दूध आलं का?” आणि मी म्हणाले, “आलं.” बाहेर लू अशी की दाराची कडी हाताला चटका द्यायची. उतरवायचा क्षण हुकला, असं सारखं वाटत राहिलं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता बेल वाजली. मी पदर सारखा केला नाही, वाक्य जुळवलं नाही, तशीच धावले. मेधा. शाळेची सुट्टी सुरू झालेली, केस धुतलेले, कपाळाला घाम. आत आली, स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “आता पहिल्यापासून सांग.”

मी सांगितलं. वडिलांचा हात, कायल, भेंडीचं पाणी. ती मधेमधे विचारत होती, तापमान किती असेल, फेस कशाने निवळत असेल, मास्तरीण ती. मग म्हणाली, “किती वाईट वाटलं असेल ना तुला, शाळा सुटली तेव्हा.”

इथे हो म्हणायची जागा होती. मी म्हटलं, “नाही.”

“नाही?”

“मला तिथे आवडायचं. चाळीस माणसं माझ्या नाकावर थांबायची. शाळेत मी मागच्या बाकावर. नंतर वाईट वाटलं, खूप वाटलं. तेव्हा नाही.” हे मी आईलाही सांगितलं नव्हतं, अशोकलाही नाही. शाळा सुटलेल्या मुलीला दुःख झालं होतं असंच सगळ्यांना हवं असतं.

मेधाने कपाळाचा घाम पुसला. मग तिने विचारलं, “त्या चारांत तुला कुठली आवडली? तुला. माझ्या मागून म्हणू नकोस.”

“ठेक्यावरची.”

“ती? ती तर आपण दर वेळी शेवटची लावली!”

“नुसती पिताना लावायची शेवटची. पण लिंबू पिळल्यावर तुमच्या विमानतळावरच्या रमचं काय उरतं? साखर-पाणी. गोव्याची पुदिन्याशी भांडते. ठेक्यावरचीचा जळका वास लिंबामागून बरोबर वर येतो. मिसळायला हवी असेल तर तीच. तुमचा क्रम चुकलाय, मेधाताई.”

“काहीतरीच! जळक्याला तू वास म्हणतेस? तो दोष आहे. केमिस्ट्रीच्या दृष्टीने—”

“केमिस्ट्री राहू द्या. तुम्ही साखर जास्त घालता, म्हणून तुम्हांला कळलंच नाही.”

“मी साखर जास्त घालते?”

“पहिल्या रविवारपासून.”

ती ताठ बसली. तिचा आवाज चढला, माझाही चढला. शेजारची पंजाबी बाई दार उघडून बघून गेली. दोन वर्षांत आमचं ते पहिलं भांडण. चहाची वेळ टळून गेली तरी दोघींपैकी कुणीही हार मानायला तयार नव्हतं.